नऊ सुतांचा तसू

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सुताराच्या भाषेत इंचाचे आठ भाग होतात आणि त्यातल्या प्रत्येक भागाला सूत म्हणतात. दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत म्हणजे अर्धा. हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. मी ते शिकलो आजोळी, मामूच्या घरापुढच्या खळ्यात, १९८० सालच्या दिवाळीनंतर. मी दहा वर्षांचा होतो आणि त्या खळ्यात शिडाची होडी बांधली जात होती.

मामू आयुष्यभर आगबोटीवर खलाशी होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या आमच्या मुसलमानांच्या घरांत असा एखादा माणूस असायचाच. वर्षातले दहा महिने तो समुद्रावर आणि दोन महिने घरी, आणि घरी आला की पाण्याकडे तोंड करून बसणार. नोकरी सुटल्यावर मामूने ठरवलं की आता दुसऱ्याच्या बोटीचं लोखंड घासायचं नाही, स्वतःची होडी करायची. कुठल्याशा बंदरावरून त्याने सोळा फुटी होडीचा नकाशा आणून ठेवला होता. त्यात एक मोठं कोष्टक होतं. प्रत्येक फासळी मध्यरेषेपासून किती अंतरावर यायला हवी, हे त्यात आकड्यांनी दिलेलं. प्रत्येक आकड्याचे तीन भाग. १-९-४ असं लिहिलेलं असलं तर एक फूट, नऊ इंच आणि इंचाचे चार अष्टमांश.

गावच्या मेस्त्रींनी आयुष्यात शेकडो वेळा होड्या दुरुस्त केल्या होत्या, चार-पाच नव्या बांधल्या होत्या; पण कागदावरून एकही नाही. मामूने त्यांना तो तिसरा आकडा समजावून सांगितला तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, “म्हणजे साहेबपण सूतच मोजतो म्हणायचं!”

आज मला जे सांगायचं आहे ते मापातल्या चुकांबद्दल आणि त्या दुरुस्त करण्याबद्दल आहे. इतिहासात माझी धाव बी. ए.पर्यंतच, आणि पोटापाण्यापलीकडचा माझा व्यवसाय कवितेचा. पण कविता लिहिणाऱ्याला मापाची चूक काय असते ते थोडं कळतं. ओळीच्या मात्रा बोटांवर मोजून बरोबर भरतात आणि तरी ओळ वाचताना ठेच लागते, हा अनुभव गझल लिहिणाऱ्याला नवा नाही. मग चूक मोजण्यात आहे, कानात आहे की वृत्तात, हे शोधत बसावं लागतं. लाकडात हाच शोध फार महाग पडतो.

घरी होडी बांधणाऱ्या माणसाची खरी अडचण अशी की होडीत सरळ रेषा जवळजवळ नसते. टेबल करायचं तर चार पाय सारखे कापले की झालं. गुण्या लावला की चूक दिसते. होडीत गुण्या कुठे लावणार? प्रत्येक फासळी वेगळी, प्रत्येक फळी दोन दिशांनी वळलेली. म्हणून जाणते कारागीर लाकडाला करवत लावायच्या आधी अख्खी होडी जमिनीवर खऱ्या आकाराची आखून घेतात. कोष्टकातले बिंदू खिळ्यांनी मांडायचे आणि त्या खिळ्यांवरून एक लांब, लवचीक पट्टी वाकवायची. आठ खिळ्यांना पट्टी सहज टेकली आणि नवव्यापाशी तिला ढकलावं लागलं, तर नववा आकडा चुकला. छापतानाही आकडे चुकतात, नक्कल करतानाही चुकतात. त्या वेळी दुरुस्ती फुकट असते, खिळा उपटून दोन सूत अलीकडे मारायचा. हीच चूक फासळीत उतरली की लाकूड वाया जातं. फळ्या ठोकल्यावर कळली की फळ्याही जातात. आणि पाण्यात उतरल्यावर कळली तर...

त्यासाठी स्वीडनला जाऊ.

स्टॉकहोममध्ये ‘वासा’ नावाचं एक जहाज संग्रहालयात ठेवलेलं आहे. राजा दुसरा गुस्ताव आडोल्फ याने ते युद्धासाठी बांधून घेतलं. तोफा चौसष्ट. १० ऑगस्ट १६२८ रोजी ते पहिल्या सफरीवर निघालं आणि बंदर ओलांडायच्या आधीच, सुमारे १३०० मीटर गेल्यावर, वाऱ्याच्या झोताने कलंडलं. तोफांच्या खालच्या खिडक्या उघड्या होत्या, त्यांतून पाणी शिरलं आणि काठावर जमलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत जहाज बुडालं. तीसेक माणसं मेली. ३३३ वर्षांनी, १९६१ साली, ते जवळपास अख्खं वर काढण्यात आलं.

बुडण्याचं मुख्य कारण मापाची चूक नव्हतं, हे आधी सांगितलं पाहिजे, कारण ही गोष्ट सांगताना लोक तिथे घाई करतात. जहाजाचा वरचा भाग फार जड होता आणि पाण्याखालचा भाग त्याला तोलून धरण्याइतका नव्हता. पण संशोधकांनी जहाज बारकाईने मोजलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. जहाजाच्या दोन बाजू सारख्या नाहीत, डावी बाजू उजवीपेक्षा जाड आहे. आणि जहाजात सुतारांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या. त्यातल्या दोन स्वीडिश फुटाच्या, बारा इंचांच्या. उरलेल्या दोन ॲमस्टरडॅमच्या फुटाच्या, आणि त्या फुटाचे इंच अकरा! स्वीडिश फूट साधारण २९.७ सेंटिमीटर, ॲमस्टरडॅमचा २८.३. जहाज बांधणारा प्रमुख डच होता, कामगार काही डच, काही स्वीडिश. एकाच जहाजावर, एकाच हुकमाने, ‘एक फूट’ असं म्हटल्यावर दोन माणसं दोन वेगळ्या जागी खूण करत होती. आणि दोघंही आपापल्या पट्टीप्रमाणे अगदी बरोबर होते.

मला या गोष्टीतला दुसरा भाग जास्त लागतो. जहाज निघायच्या आधी त्याची एक परीक्षा घेतली होती. तीस माणसं डेकवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे पळवायची आणि जहाज किती डोलतं ते पाहायचं. तीन फेऱ्यांतच ते इतकं डोलायला लागलं की नौदलाच्या अधिकाऱ्याने परीक्षा थांबवली. जहाज नव्हे, परीक्षा! राजा लांब युद्धावर होता आणि जहाजाची घाई करत होता. जहाज बांधणारा डच प्रमुख हेन्रिक ह्युबर्टसन आदल्या वर्षी, १६२७ साली, मरण पावला होता. पुढे चौकशी झाली आणि शिक्षा कुणालाच झाली नाही. जे डेकवर धावले त्या तीस माणसांना आपल्या पायांखाली काय हलतंय ते कळलंच असणार. पण धावणाऱ्यांना कोण विचारतं?

आता खळ्यात परत येतो. तिथेही दोन पट्ट्या होत्या.

मामूकडे पितळी बिजागऱ्यांची दोन फुटी घडीची पट्टी होती. उघडली की चोवीस इंच. मेस्त्रींकडे त्यांच्या वडिलांचा गज होता, शिसवीचा, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. गज हे माप आपल्याकडे फार जुनं आणि फार फसवं. अकबराचा इलाही गज वेगळा, बंगालचा गज छत्तीस इंचांचा, आणि आपल्या मुंबई इलाख्यातला सत्तावीस इंचांचा. या सत्तावीस इंची गजाचे चोवीस भाग करायचे, त्यातला एक भाग म्हणजे तसू. जुन्या घरांच्या वाशांची, दारांची मापं तसूंतच असत. १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला, दुकानांतून गज गेला, वारही गेला. मेस्त्रींच्या खोपटात मात्र तो गज खुंटीला टांगलेला राहिला. ते स्वतः आता इंच-सुतानेच काम करत. गज राहिला होता वडिलांची आठवण म्हणून.

हिशेब सोपा आहे. इंच आठ सुतांचा, तसू नऊ सुतांचा. फरक एका सुताचा.

कोष्टकातले इंग्रजी आकडे वाचायचं काम माझ्याकडे होतं. मोठ्या अभिमानाने मी पडवीत बसून ते मोठ्याने वाचायचो. फासळ्यांच्या उजव्या अर्ध्या भागावर मामू त्याच्या पट्टीने खुणा करायचा आणि डाव्या भागावर मेस्त्रींचा मुलगा. तो पंधरा-सोळा वर्षांचा असेल. मेस्त्री त्या दिवसांत दुसऱ्या गावी एका घराच्या छपराचं काम संपवत होते. फासळ्यांची आखणी त्यांनी या दोघांवर सोपवली होती. जमिनीवर अख्खी होडी आखायची, पट्टी वाकवून पाहायची, हे मामूच्या नकाशात लिहिलेलं होतं. पण खळ्यात मामीचं भात वाळत होतं, सोळा फूट जागा तीन दिवस अडवणार कोण? ते टाळलं.

घडीची पट्टी मामूच्या हातात असल्यामुळे मेस्त्रींच्या मुलाने खुंटीवरचा गज काढला. त्यावर खुणा होत्या चोवीस. मामूच्या पट्टीवरही चोवीस. त्याने मला विचारलं, “ह्येपण चोवीसच ना रे?” मी मोजले. चोवीस होते. मी म्हटलं, “हो.”

उंचीच्या खुणा मामूने एका फळकुटावर करून दोघांसाठी तीच वापरली, त्यामुळे उंचीत फरक पडला नाही. फरक पडला रुंदीत, आणि तो अशा रीतीने की कुणालाच दिसू नये. तळाशी, मध्यरेषेजवळ, फासळी चार इंचांवर यायची होती. डावीकडे ती साडेचार इंचांवर आली. लाकडात अर्धा इंच इकडेतिकडे होतो, रंधा मारू, असं म्हणून सगळे पुढे गेले. वर जाल तसा फरक वाढत गेला. आठाला एक, सोळाला दोन, चोवीसला तीन. पण सगळ्याच फासळ्या त्याच प्रमाणात रुंद झाल्यामुळे डावी बाजू एकटी पाहिली तर वळण अगदी सुबक. लवचीक पट्टी वाकवली असती तरी ती सगळीकडे टेकली असती. उजवी बाजूही सुबक. चूक कुठल्याही एका बाजूत नव्हती, ती दोहोंच्या मध्ये होती.

मेस्त्री परत आले. त्यांनी खालच्या चार-चार फळ्या दोन्हीकडे चढवल्या. फळ्या नेहमी जोडीने कापतात, एकावर एक ठेवून, म्हणजे उजवी-डावी सारखी येते. पाचवी जोडी चढवली तेव्हा उजवी फळी टोकाला नीट बसली आणि डावी दोनेक इंच आखूड पडली. मेस्त्रींना वाटलं, कापताना घसरली. दुसरी कापली, तीही आखूड. सागाची फळी होती. त्या काळीसुद्धा साग काही आंब्याच्या भावात मिळत नव्हता.

मामी पडवीत शिवणाच्या यंत्रावर बसलेली असायची. गावातले निम्मे कुडते आणि झबली तिच्या हातची. ती बराच वेळ होडीकडे बघत होती. मग म्हणाली, “मेस्त्रीदादा, मना मापातलं काय समजत नाय. पन ह्यी बाजू पोटुशी दिसते.”

मामू हसला. मेस्त्री हसले नाहीत. त्यांनी होडीच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत मधोमध दोरी ताणली, तिच्यापासून उजव्या फासळीच्या टोकापर्यंत बरोबर बसेल अशी एक बारीक काठी कापली. तीच काठी डावीकडे फिरवली. ती तीन बोटं आधीच संपली. काठीवर एकही आकडा नव्हता, म्हणून तिला खोटं बोलता येत नव्हतं. पुढच्या फासळीपाशी दुसरी काठी, मग तिसरी. मग त्यांनी मामूची पट्टी मागून घेतली आणि फरक मोजले. चोवीसपाशी तीन, सोळापाशी दोन, आठपाशी एक. तिसरं माप घेतल्यावर त्यांनी मोजणं थांबवलं आणि खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी होती. गज फासळ्यांच्या ढिगाजवळ पडला होता.

मुलाच्या थोबाडीत बसली ती खळ्याच्या पार गडग्यापर्यंत ऐकू गेली. मी पडवीच्या खांबाला धरून उभा होतो. “मीपण मोजले होते,” एवढं म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही.

आता प्रश्न दुरुस्तीचा. आणि इथेच मला नेहमी जॉशुआ स्लोकम आठवतो.

हा कॅनडात नोव्हा स्कॉशियामध्ये १८४४ साली जन्मलेला आणि पुढे अमेरिकन झालेला दर्यावर्दी. १८८७ च्या अखेरीस त्याचं जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यावर फुटलं. बरोबर बायको आणि दोन मुलगे. घरी जायला पैसे नाहीत. त्याने किनाऱ्यावरच, बायको-मुलांच्या मदतीने, पस्तीस फुटी नाव बांधली. हत्यारं मोजकी, एक कुऱ्हाड, एक तासणी, दोन करवती, थोडे गिरमिट. खिळ्यांना लावायच्या चकत्या तांब्याच्या नाण्यांतून कापल्या. नकाशा नव्हताच. अमेरिकेच्या किनाऱ्यावर पाहिलेल्या मासेमारी होड्यांची आठवण आणि जपानी सांपानचा एक फोटो, एवढ्यावर त्याने आकार ठरवला. त्याची बायको हेट्टी शिवणकाम करणारी होती, शिडं तिने शिवली. नाव पाण्यात उतरली १३ मे १८८८ रोजी, नेमकी ब्राझीलमध्ये गुलामगिरी रद्द झाली त्या दिवशी. म्हणून तिचं नाव ‘लिबरदादे’, स्वातंत्र्य. सुमारे साडेपाच हजार मैल तोडून हे कुटुंब अमेरिकेला पोचलं.

पुढे एका ओळखीच्या कप्तानाने त्याला मॅसॅच्युसेट्समधल्या एका शेतात पडलेली जुनी, कुजलेली शिडाची नाव दिली, ‘स्प्रे’. तेरा महिने खपून आणि ५५३ डॉलर ६२ सेंट खर्चून त्याने ती जवळजवळ पूर्ण नवी केली, आणि १८९५ ते १८९८ या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारा तो जगातला पहिला माणूस. (आपल्या देशातली अशी पहिली एकट्याची प्रदक्षिणा कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये केली, गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून. त्यासाठी शंभरहून जास्त वर्षं लागली.)

स्लोकमच्या सफरीतल्या दोन गोष्टी आपल्या विषयाच्या आहेत. ब्युनोस आयर्सला पोचेपर्यंत त्याला कळून चुकलं की पुढच्या वादळी समुद्रासाठी आपली डोलकाठी उंच आहे. त्याने ती उतरवली आणि सात फूट कापून टाकली. नाळेपुढचा दांडाही पाचेक फूट आखूड केला. स्वतःच्या हाताने उभारलेली काठी होती ती! चूक कबूल करण्यात त्याने एक शब्द वाया घालवला नाही, करवत घेतली.

दुसरी गोष्ट याच्या बरोबर उलट आहे. १८९६ साली, पॅसिफिकमध्ये, जमीन सुटून त्रेचाळीस दिवस झाल्यावर त्याने चंद्राचा वेध घेऊन आपली जागा काढली. गणित सांगत होतं की तो त्याच्या अंदाजापेक्षा कित्येकशे मैल पश्चिमेला आहे. त्याने पुन्हा वेध घेतला, उत्तर तेच. एकटा माणूस, भोवती फक्त पाणी, आणि हातात छापील कोष्टकाचं पुस्तक. अशा वेळी कुणीही कागदावर विश्वास ठेवला असता. स्लोकमने कोष्टकच तपासलं आणि त्यातला एक आकडा चुकीचा छापलेला सापडला. तो दुरुस्त केल्यावर गणित आणि अंदाज पाचेक मैलांच्या आत जुळले. म्हणजे कधी आपली काठी कापायची असते आणि कधी पुस्तकाचा आकडा खोडायचा असतो. कोणत्या वेळी कोणतं, हे मात्र कुठल्याच पुस्तकात छापलेलं नसतं.

खळ्यात त्या संध्याकाळी हाच वाद झाला. मामूचं म्हणणं, डावी बाजू उखडायची. नकाशा सांगतो ते उजवीकडे आहे. त्याचा सगळा जन्म लिहिलेल्या हुकमावर गेला होता. जहाजावर हुकूम मोडणाऱ्याचं काय होतं ते त्याने पाहिलं होतं. मेस्त्री बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “भाऊ, डावी बाजू आमच्या वडलांच्या गजाची आहे. त्या गजाच्या होड्या ह्या खाडीत वीस वर्षं चालल्या. तुमच्या कागदाला ही खाडी ठावी आहे काय?”

हा केवळ अभिमान नव्हता, त्यात हिशेब होता. डावीकडच्या फासळ्या रुंद. त्या काढून पुन्हा अरुंद करायच्या तर तीन इंच लाकूड कापून त्या पातळ होणार, म्हणजे टाकूनच द्याव्या लागणार. उजवीकडच्या अरुंद काढल्या तर त्यांचं लाकूड बसायच्या फळ्यांखालच्या टेकूंना तरी कामी येणार. काम दोन्हीकडे तेवढंच. होडी चार फुटांऐवजी साडेचार फूट रुंद होईल, वाऱ्याविरुद्ध थोडी मंद चालेल, पण खाडीच्या मुखाशी लाटेवर कमी कलंडेल. आणि होडीला कागदाशी जुळण्यापेक्षा स्वतःच्या दुसऱ्या बाजूशी जुळणं जास्त गरजेचं असतं.

कागदाचं म्हणाल तर कागदाचा भरवसा मुंबईने फार पूर्वी पाहिलेला आहे. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत इंग्रजांसाठी सागवानी जहाजं बांधली. त्यातल्या ‘ट्रिंकोमाली’ या युद्धनौकेचे नकाशे ‘जावा’ नावाच्या जहाजातून इंग्लंडहून निघाले. १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन नौदलाने ‘जावा’ला हरवलं, जहाजाबरोबर नकाशेही गेले. नव्या नकला पाठवाव्या लागल्या. जमशेटजी बमनजी वाडियांनी ‘ट्रिंकोमाली’ पाण्यात उतरवली ती १८१७ साली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. वाडियांनी नकाशाची वाट पाहिली. त्यांच्यासमोर गिऱ्हाईक म्हणून आरमार होतं. आमच्या मेस्त्रींसमोर मामू होता.

शेवटी मामी म्हणाली, “दोगं मिलून एकच बाजू फाडा, दोन नको.” त्यावर वाद मिटला. उजवी बाजू फाडायचं ठरलं. बरोबर असलेली बाजू.

तांब्याचे खिळे एकेक करून मागून ठोकून बाहेर काढले. ते मी आणि मेस्त्रींच्या मुलाने दगडावर ठेवून सरळ केले, कारण नवे आणायला पैसे नव्हते. फळ्यांतली जुनी भोकं लाकडी खुंट्या ठोकून बुजवली. नव्या फासळ्यांना साग परवडेना. मामूने परसातला जुना फणस पाडला. या वेळी मेस्त्रींनी कुणालाच आकडे वाचू दिले नाहीत. डाव्या फासळीवर फणसाची फळी उलटी धरायची, पेन्सिलीने आखायची, कापायची. सगळं काम पावणेदोन महिन्यांनी लांबलं. त्या काळात मेस्त्रींचा मुलगा माझ्याशी बोलत होता, पण वडिलांशी नाही.

होडी पाण्यात उतरली तेव्हा सरळ उभी राहिली. मामूने नकाशाप्रमाणे केलेली वल्ही आखूड पडली, कारण रुंद होडीला लांब वल्ही लागतात. ती पुन्हा केली. त्यानंतर मामू बारा-तेरा वर्षं त्या होडीतून फिरला.

घरी होडी बांधणाऱ्यांच्या या अडचणीवर पुढे इंग्लंडात एक युक्ती निघाली, म्हणजे खरं तर मामूच्या होडीच्याही आधी, १९६३ साली. ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्राने घरी बांधायची छोटी होडी काढली. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी तिची रचना केली होती. प्लायवूडचे आधीच कापलेले तुकडे मिळायचे. ते तांब्याच्या तारेने कापडासारखे शिवायचे आणि सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी चिकटवायची. तुकड्यांच्या कडा जुळल्या की होडीचा आकार आपोआप येतो, मोजायचं असं फारसं उरतच नाही. अशा सत्तर हजारांवर होड्या झाल्या. मामीला हे कळलं असतं तर तिने ती एकटीने शिवली असती.

मामू गेला, मामीही गेली. मेस्त्री त्यांच्या आधीच गेले. गेल्या वर्षी गावी गेलो तेव्हा त्यांच्या मुलाला भेटलो. आता साठीचा आहे, मासेमारीच्या बोटींची लाकडी कामं करतो. चहा झाल्यावर मी मनातली गोष्ट सांगितली. म्हटलं, त्या दिवशी तू मला विचारलं होतंस, चोवीसच ना, आणि मी हो म्हटलं होतं. तुझ्या वडिलांना ते मी सांगितलं नाही.

त्याने थोडा वेळ आठवून पाहिलं. म्हणाला, “तुला कधी विचारलं मी?”

त्याला आठवतच नव्हतं. थोबाडीत बसलेली आठवत होती, खिळे सरळ केलेले आठवत होते. मग तो उठून आत गेला आणि गज घेऊन आला. एका बाजूला त्या जुन्या चोवीस खुणा तशाच होत्या. त्याने तो उलटा केला. ती बाजू त्या वेळी कोरी होती. आता तिच्यावर पटाशीने कोरलेल्या इंचांच्या खुणा होत्या, सत्तावीस, आणि शेवटचा इंच गजाच्या टोकाला बरोबर संपत होता. कधी कोरल्यास, असं मी विचारलं. म्हणाला, त्याच पावसाळ्यात, वडील छपराच्या कामाला गेले होते तेव्हा.